गोंदाईची ओवी

एका राज्यात चंडवर्मा नावाचा राजा होता. त्याला काव्याचा षोक भारी, कळत मात्र शून्य. म्हणून दरबाराची रीत अशी, की कुणी काही गायलं की विद्यानिधी पंडितांनी छंद सांगायचा, अलंकार सांगायचा, मग राजाने 'वाहवा' म्हणून शाल द्यायची. राजा बोले दळ हाले म्हणतात. इथे पंडित बोले अन् राजा डोले.

एकदा दुष्काळी परगण्यातून गोंदाई नावाची म्हातारी चालत आली. उभ्या उभ्या गायली:

चुलीवर मडकं, त्यात रांधते मी दगड,
नातू म्हणे, आजे, आता झाकण तरी उघड.

"छंद ओवी, अलंकार अतिशयोक्ती," पंडित म्हणाले.

"वाहवा," राजा म्हणाला. शाल पुढे झाली.

"शाल नको. धान्य दे."

"गाण्याला शालच मिळते, आजीबाई."

गोंदाईचं काळीज जळलं. दगडाचं अन्न करायचा मंत्र तिला येत नव्हता, शाप तेवढा येत होता. गरिबाला तेवढाच येतो. तोच तिने दिला. राजाशेजारी बसलेली राजकन्या इंदुकला जागीच दगड झाली आणि म्हातारी नातवाकडे परत निघाली.

तिसऱ्या दिवशी एक साळुंकी येऊन दगडी खांद्यावर बसली. म्हणाली, "राजा, मी तीन गाणी गाते, अलंकार तू ओळख. पंडिताने तोंड उघडायचं नाही. एक चुकलं तर लेक जन्माची दगड."

पहिल्यात राणीचं मुख चंद्रासारखं होतं. "उपमा," राजा म्हणाला. राजकन्या कमरेपर्यंत सुटली.

दुसऱ्यात राजाच्या तलवारीला भिऊन सूर्य लपला होता. "अतिशयोक्ती." ती गळ्यापर्यंत सुटली.

तिसरी गोंदाईचीच ओवी. राजाच्या जिभेवर सवयीने 'अति' आलं. त्याने पंडितांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. मग त्याने लेकीचे दगडी ओठ पाहिले आणि त्याला भीती वाटली, लाजही वाटली.

"यात अलंकार नाही," तो म्हणाला. "हे खरं आहे."

इंदुकलेने डोळे उघडले. "बाबा, मग त्या बाळाला जेवण धाडलंत का?"

राजा स्वतः चाळीस गाड्या धान्य घेऊन धावला. गोंदाई दारातच बसली होती. आत चूल थंड, नातू अंथरुणावर, चेहऱ्यावरून पांघरूण ओढलेला.

परगण्याला धान्य मिळालं, पंडितांचं आसन उठलं, राज्याची घडी बसली. म्हातारीने मात्र राजाला चुलीपाशी नेलं आणि मडक्यावरचं झाकण काढलं.

"बघ, शिजले का," ती म्हणाली.

कहाणी इथे सरली. ऐकणाऱ्यांनो, वाहवा म्हणू नका.