पुढे केलेले फासे

एका राज्यात जुगाराला बंदी नव्हती, शिस्त होती. राजाचे म्हणणे असे, की लोक खेळणारच. मग चोरून खेळण्यापेक्षा परवाना असलेल्या घरात, सरकारच्या नजरेखाली खेळावे. म्हणून प्रत्येक पेठेत एक जुगारघर होते आणि प्रत्येक जुगारघराच्या दारावर लाखेचा सरकारी शिक्का होता. तो दरवर्षी नवा होई.

नदीकाठच्या एका पेठेत नरहरपंत नावाचे तपासनीस राहत. जुगारघरातले फासे खरे की खोटे, हे पाहणे त्यांचे काम. त्याची रीत ठरलेली होती. तांब्याचे घंगाळ पाण्याने भरायचे आणि फासा त्यात दहा वेळा सोडायचा. साधा फासा तळाशी जाताना कधी हे अंग वर करतो, कधी ते. पोटात शिसे भरलेला फासा पाण्यात वळतो आणि पुन्हा पुन्हा एकच अंग दाखवतो. पाण्यापुढे लबाडी चालत नाही.

पंत सचोटीचे होते. जुगारघरात गेले तर सुपारीचे खांडसुद्धा तोंडात टाकत नसत. घंगाळ घरून नेत, पाणीही घरचेच नेत. दहा वेळा म्हणजे दहा वेळा. नवव्याला उठले असे कधी झाले नाही. शेवटी वहीत एक ओळ लिहीत, "पाहिले. दोष दिसला नाही." मग दारावर नवा शिक्का उठवत. अकरा वर्षे हे असेच चालले होते.

कायद्यात आणखी एक गोष्ट होती. तपासणीच्या तीन दिवस आधी जुगारघराच्या मालकाला चिठ्ठी जाई, "अमुक वारी तपासनीस येतील. तयारी असावी." तयारी म्हणजे बसायला पाट आणि टेकायला तक्क्या, असा सरकारचा अर्थ होता. पेठेतला मालक लखमशेट 'तयारी' हा शब्द जरा जास्तच मनावर घेई. पंत आले की तो फासे ताटात मांडून, वर रुमाल घालून, अदबीने पुढे ठेवी.

पंतांचा मुलगा रंगनाथ बैलगाडीने माल वाहत असे. त्याचे नुकतेच लग्न झाले होते. सून येसू घरात येऊन चार महिने झाले होते. नव्या सुनेने बघावे जास्त आणि बोलावे कमी, हे तिला कोणी शिकवावे लागले नव्हते.

त्या वर्षी तपासणीच्या सकाळी ती चिंचेने घंगाळ घासत होती. घासता घासता तिने विचारले, "मामंजी, फासे तुम्ही उचलता, की ते देतात?"

"ते देतात. ताटात मांडून."

येसूने थोडा वेळ घंगाळच घासले. मग म्हणाली, "आमच्या माहेरी कुंभारानं पुढं केलेलं मडकं कोणी घेत नाही. मागच्या रांगेतलं उचलतात, मग वाजवून बघतात."

पंत हसले. "मडकं आणि सरकारी काम यात फरक असतो, सूनबाई."

"असेल," येसू म्हणाली, आणि तिने घंगाळ धुऊन उपडे ठेवले.

तिचे बोलणे पंतांबरोबर जुगारघरापर्यंत गेले. आत डाव चालू होता. पटावर फासे पडत होते, हात लांब करून उचलता येतील इतके जवळ. पंतांनी तिकडे पाहिले. चालू डावातला फासा उचलणे म्हणजे माणसाला तोंडावर लबाड म्हणण्यासारखे. आणि कायद्यात 'उचलावे' असे कुठे लिहिलेले नव्हते. 'पाहावे' असे लिहिलेले होते. ते पाटावर बसले, रुमाल काढला, आणि ताटातले फासे पाहिले. दोष दिसला नाही.

पुढच्या महिन्यात रंगनाथ लखमशेटकडे गुळाच्या ढेपा उतरवायला गेला. त्याने उभ्या जन्मात फासा धरला नव्हता. पण दुसरी बैलजोडी घ्यावी असे त्याच्या मनात बरेच दिवस होते. दारावरचा शिक्का ताजा, लालभडक होता. घरी आल्यावर तो येसूला म्हणाला, "एकदा खेळून बघतो."

"आणि हरलात तर?"

"हरलो तर नशिबानं हरेन. दारावर आबांचा शिक्का आहे. तिथं लबाडी व्हायची नाही."

तिथला नियम सोपा होता. सहा ठिपके पडले, की डाव घराचा. सहा फार वेळा पडत. खोट्या घरात हरतोय असे वाटले असते, तर रंगनाथ रागाने उठून आला असता. पण घर खरे होते, वर वडिलांनी दहा-दहा वेळा पाहिलेले. म्हणून तो उठला नाही; आपलेच नशीब तपासत बसला. गाडी गेली. मग मोरा आणि सरजा हे बैल गेले. शेवटी येसूच्या पाटल्या गेल्या. त्या त्याने मागून नेल्या, चोरून नेल्या नाहीत.

त्या दिवशी तो घरी आला नाही. पाचव्या दिवशी त्याचे पागोटे घाटाच्या शेवटच्या पायरीवर सापडले. माणूस सापडला नाही. येसूने कुंकू लावावे की पुसावे, हे तिला कोणी सांगेना. बायका येत, तिच्या कपाळाकडे बघत आणि दुसरेच काही बोलून जात.

पंतांना तोवर या खेळाचे काहीच ठाऊक नव्हते. बैल कुठे गेले, हेही त्यांनी तेव्हा विचारले. येसूने त्यांना सगळे सांगितले. रडली नाही. रंगनाथ काय म्हणाला होता तेही सांगितले, त्याच्याच शब्दांत.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी पंत घंगाळ घेऊन जुगारघरात शिरले. पाटावर बसले नाहीत. सरळ पटाजवळ गेले आणि चालू डावातला फासा उचलून पाण्यात सोडला. सहा. पुन्हा सोडला. सहा. दहा वेळांत नऊ वेळा सहा ठिपके वर आले. खेळणारे उठून घंगाळाभोवती जमले.

लखमशेट तेवढा शांत होता. "पंत, कळवायचं तरी," तो म्हणाला. "तयारी केली असती."

पंतांनी अकरा वर्षांत पहिल्यांदा वहीत लिहिले, "दोष आहे." ती वही आणि तो फासा घेऊन ते राजधानीत दिवाणांपुढे उभे राहिले.

दिवाणांनी फासा हातात घेतलाच नाही. वही वाचली. "तीन दिवस आधी चिठ्ठी गेली होती?"

"चिठ्ठी गेली असती तर फासे बदलले असते."

"म्हणजे आजवर बदलत होते म्हणता?"

"हो."

दिवाणांनी वहीची मागची पाने उलटली. प्रत्येक पानावर बोट ठेवले. "ही सही कोणाची? आणि ही?"

"माझीच. ती सगळी पानं खोटी धरा. मला शिक्षा करा, पण ते घर बंद करा."

"तुमचं एकट्याचं ठीक आहे, पंत," दिवाण म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही. "राज्यात अशी बत्तीस घरं आहेत. सगळीकडं चिठ्ठी जाते आणि सगळीकडं ताटच पुढं येतं. एक पान खोटं म्हटलं, तर सगळ्याच वह्या खोट्या म्हणाव्या लागतील. मग लोकांनी सरकारी शिक्क्यावर विश्वास ठेवायचा कसा?" त्यांनी वही मिटली. "चिठ्ठीशिवाय केलेली तपासणी ही तपासणी नव्हे. मुलाच्या दुःखानं तुमचं मन थाऱ्यावर नाही. आता विश्रांती घ्या."

पंतांचे काम गेले. नवा तपासनीस आला. तीन दिवस आधी चिठ्ठी गेली, ताट पुढे आले, दोष दिसला नाही. दारावर पंतांनी त्या वर्षी उठवलेला शिक्का अजून शाबूत होता, म्हणून नव्या तपासनिसाने तोच राहू दिला.

तेव्हापासून पंत रोज सकाळी जुगारघराच्या दाराशी जाऊन उभे राहत. आत जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत, "आत फासे खोटे आहेत." लोक वर शिक्क्याकडे बघत, मग म्हाताऱ्याकडे, आणि शिक्क्याचे ऐकत. लखमशेटने त्यांना कधी हाकलले नाही. ते असल्याने त्याचे काही अडत नव्हते.

दुपारी येसू भाकरी घेऊन येई. लोकांनी आता तिच्या कपाळाकडे बघणे सोडले होते. "आज कोणी परत गेलं का, मामंजी?" ती विचारी. पंत नकारार्थी मान हलवत. ती पुढे काही विचारत नसे.

एके दिवशी ती येऊन उभी होती, तेवढ्यात एक तरुण गाडीवान दाराशी आला. गाडी त्याने झाडाखाली सोडली होती. पंत आडवे आले. "जाऊ नकोस, बाबा. माझा मुलगा याच दारातून गेला."

गाडीवान बिचकला. "तुम्ही कोण?"

पंतांनी वर बोट दाखवले. "तो शिक्का मी उठवलाय. माझ्या हातचा आहे तो, आणि मी…"

"तुम्ही स्वतः तपासलंय होय?" गाडीवानाचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मग काळजीच मिटली."

त्याने पंतांना वाकून नमस्कार केला आणि तो आत गेला. येसूने भाकरीचे फडके सोडले होते, ते पुन्हा बांधले.

तात्पर्य: ज्याची तपासणी करायची त्यानेच पुढे केलेले तपासले, तर तो शिक्का लबाडाला धरत नाही, सावध माणसाला तेवढा बेसावध करतो. आणि एकदा उठवलेला शिक्का, उठवणाऱ्याचेही ऐकत नाही.