जासुदांचा धोंडा

दोष नाईकाचा होता. गोष्ट फार जुनी आहे, इतकी जुनी की त्या राज्याचं नाव सांगणारंही आज कोणी उरलेलं नाही. पण दोष कोणाचा ते आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पुढे त्याचे पांढरे केस पाहून तुम्हीही मान डोलवायला लागाल.

राज्य डोंगराळ होतं. वाटा इतक्या अरुंद की घोडा चालत नसे. म्हणून राजाचे निरोप माणसंच धावत नेत. त्यांना जासूद म्हणत. पहाटे एका गडावरून निघायचं आणि ऊन चढायच्या आत दुसरा गड गाठायचा. या सगळ्या जासुदांचा म्होरक्या म्हणजे नाईक.

नाईकाच्या अंगणात मोठा तराजू टांगलेला होता. एका पारड्यात काळा धोंडा. दर पौर्णिमेला सकाळी एकेका जासुदाने दुसऱ्या पारड्यात बसायचं. धोंडा जागचा हलला नाही तर शाबासकी. धोंडा वर गेला तर महिनाभर निरोप बंद, आणि चारचौघांत शोभा.

"काय रे, निरोप पोचवतोस की निरोपाबरोबर धान्याचं पोतंही?" नाईक विचारायचा. "तुमच्या वयाचा असताना मी या धोंड्याएवढा होतो. आणि माझ्या पुढे जाणारा या डोंगरात जन्मला नव्हता!"

भोवतालची म्हातारी मंडळी "खरंय, खरंय" म्हणायची. वय झालं की अक्कल येते, असं पहिल्यांदा सांगणारा माणूस म्हातारा असणार यात शंका नाही. कारण त्या इतक्या पिकल्या डोक्यांपैकी एकानेही कधी विचारलं नाही, की धोंडा आला कुठून?

नाईकाची शिकवण पाठच असायची. भाकरी म्हणजे चरबी. भात म्हणजे झोप. तेल-तूप म्हणजे गुडघ्यात ओतलेलं शिसं. हे सांगताना तो स्वतः ओसरीवर बसून चरबीत तळलेल्या पुऱ्या गुळाच्या पाकात बुडवून खात असे. दोन पायऱ्या चढला की छातीवर हात ठेवून थांबत असे. "माझे उपास काढून झालेत," म्हणायचा, "आता तुमची पाळी."

त्या जासुदांत एक पोरगी होती. वीस वर्षांची, आईबापाविना वाढलेली, आणि धावण्यात वाऱ्यालाही मागे टाकणारी. एका पौर्णिमेला ती पारड्यात बसली आणि धोंडा बोटभर उचलला गेला.

"अगं पोरी," नाईक म्हणाला, "तुला तर दरीत लोटलं तरी वाटेत अडकून बसशील."

सगळे हसले. तीही हसली. त्या दिवसापासून तिने अर्धी भाकरी कुत्र्याला घालायला सुरुवात केली.

मग सगळीच भाकरी कुत्र्याला जाऊ लागली. कोणी विचारलं तर म्हणायची, आत्ताच जेवले. पोटातली आग तिला आधी त्रास द्यायची, पुढे आवडायला लागली. आग लागली म्हणजे आपण जिंकतोय, असं तिला वाटे. धोंडा आता हलत नव्हता. नाईक पाठ थोपटत होता. पण विहिरीत वाकून पाहिलं की तिला पाण्यात अजून पोतंच दिसायचं. फणीत केसांचे पुंजके येऊ लागले. भर उन्हात ती घोंगडी पांघरून बसू लागली. हे सगळ्यांनी पाहिलं आणि सगळ्यांनी तिचं कौतुक केलं.

एके दिवशी निरोप घेऊन निघालेली ती खिंडीतल्या तेलाच्या घाण्यापाशी कोसळली.

घाण्यावर एक म्हातारी राहायची. तिने पोरीला उचलून आत आणलं, निरोप येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर पुढे धाडला आणि चुलीवर तांदूळ टाकले.

पोरगी शुद्धीवर आली तेव्हा समोर वाटी होती.

"काय आहे यात?"

"पेज. तांदूळ, पाणी, मीठ."

"तांदूळ किती?"

"मोजले नाहीत बाई."

"नको आजी. मी जड होईन."

"जड?" म्हातारी म्हणाली. "बयो, माझं वय सत्तरीच्या पुढे. तुला दारातून आत आणली तर माझ्या कमरेला कळसुद्धा आली नाही. यात काय ते समज."

पोरगी रडायला लागली. म्हातारीने रडू दिलं. मग बाहेर बोट दाखवलं. घाण्याचा बैल गोल गोल फिरत होता.

"त्याला पेंड घातली नाही ना, तरी तो आज फिरेल. उद्याही फिरेल. परवा तो स्वतःचंच मांस खाऊन फिरायला लागेल, आणि बघणारा म्हणेल, वा, काय चपळ बैल! काळीजही मांसच असतं, पोरी. अंग उपाशी राहिलं की आधी मांड्या खातं, दंड खातं, मग काळजाकडे वळतं. पोट ओरडतं, काळीज ओरडत नाही. ते एकदाच थांबतं."

पोरीने वाटीला हात लावला. दोन घोट प्यायली. तिसरा प्यायली नाही.

"पुरे," म्हातारी म्हणाली. "इतक्या दिवसांच्या उपाशी पोटावर एकदम पंगत घालू नये. संध्याकाळी पुन्हा दोन घोट."

चार दिवस पेज. मग मुगाचं कढण. मग मऊ भाकरीचा चतकोर, ताक, पालेभाजी. कितीतरी दिवसांनी जवसाच्या चटणीवर घाण्याच्या ताज्या तेलाची धार. त्या तेलाकडे पोरगी अशी बघत बसली, जणू ताटात साप आलाय. म्हातारीने आग्रह केला नाही, शाबासकीही दिली नाही. ती फक्त रोज आपलं ताट घेऊन शेजारी बसायची आणि जेवायची. पोरीने एकदा घास ओच्यात लपवला. म्हातारीने पाहिलं. "असू दे," म्हणाली, "उद्या पुन्हा वाढते." आणि खरंच पुन्हा वाढलं.

उपकार मानायचे तर ते या बाईचे मानावेत. नुसतं "खा गं" म्हणून निघून जाणारे पुष्कळ असतात. शेजारी बसून राहणारं माणूस एखाद्यालाच मिळतं. पोरीला ते मिळालं. ज्या दिवशी तिच्या तळहातांत पुन्हा ऊब आली, त्या दिवशी ते गालांना लावून ती बराच वेळ बसली. मग म्हातारीचे पाय धरले आणि म्हणाली, "आजी, भूक लागलीय." इतकी सुंदर प्रार्थना त्या राज्यातल्या एकाही देवळात कोणी केली नव्हती.

अशा बऱ्याच पौर्णिमा गेल्या. पोरगी आधी चालू लागली, मग पळू लागली, आणि पुढे आपल्या गडावर परतली. पहिल्याच पौर्णिमेला तिला अंगणात बोलावणं आलं. म्हातारी बरोबर आली.

पोरगी पारड्यात बसली. धोंडा हातभर वर गेला.

"घाण्यावरची पेंड मानवली म्हणायची!" नाईक म्हणाला. मंडळी हसली.

पोरगी खाली उतरली नाही. "मानवली," ती म्हणाली. "काल पलीकडच्या गडावर जाऊन सूर्य माथ्यावर यायच्या आत परत आले. तुमच्या धोंड्याएवढ्यांपैकी कोण आलं, नाईकबाबा?"

कोणीच आलं नव्हतं.

तेवढ्यात म्हातारी पुढे झाली. "धाकल्या," तिने हाक मारली.

या नावाने हाक मारणारं जगात एकच माणूस होतं, ते म्हणजे नाईकाची थोरली बहीण. नाईकाचा चेहरा उतरला.

"धोंडा कुठला, ते सांग या पोरांना."

"ताई, इथे नको."

"मग मी सांगते. पोरांनो, हा धोंडा मोठ्या दुष्काळात सरकारी कोठाराच्या दारात होता. दारात आलेल्या जाणत्या वयाच्या माणसाला याच्याशी तोलायचे. जो याच्याहून हलका भरेल तो मरायला टेकलेला. त्याला रांग सोडून आधी पेज द्यायची. हा तेव्हा सतरा वर्षांचा, ताडमाड वाढलेला. मी याला पाठीवर नेला. पारड्यात ठेवला तर धोंडा जागचा हलला नाही. म्हणून पेज मिळाली, म्हणून जगला. आणि धावायला लागला तो पुढच्या साली, माझ्या हातची भाकरी खाऊन!"

"हे ठाऊक असूनही तुम्ही आम्हाला तोललंत?" पोरीने विचारलं.

"लोक मला दुष्काळी म्हणून चिडवायचे," नाईक पुटपुटला. "लाज वाटायची. म्हणून तोच धोंडा मी अंगणात आणून मिरवला."

"लाज तुझी, आणि फेडायची या लेकरांनी?" म्हातारी म्हणाली. "तुझा मुलगाही दर पौर्णिमेला या पारड्यातून शाबासकी घेऊन उठायचा. बाविसाव्या वर्षी धावता धावता पडला. तू गावाला सांगितलंस, ऊन लागलं. माघ महिना होता, धाकल्या. माघात कुठलं ऊन?"

छातीवर हात ठेवून नाईक पायरीवर बसला. पोरगी पारड्यातून उतरली आणि तिने त्याला पाणी दिलं. ते प्यावं हेही त्याला सुचलं नाही.

जासुदांनी धोंडा उचलला आणि पुन्हा कोठाराच्या दारात नेऊन ठेवला, पूर्वीच्याच कामाला. त्या दिवसापासून प्रत्येक गडावर नियम झाला, की जासुदाच्या हातात निरोप देण्याआधी ताट द्यायचं. भाकरी, डाळ, भाजी, वर तेलाची धार. पोटभर, पण तळणाचे डोंगर नाहीत. पोरगी केस पिकेपर्यंत धावली. खिंडीतून जाताना घाण्याच्या उंबऱ्याला हात लावल्याशिवाय ती कधी पुढे गेली नाही.

धावणाऱ्याला तोलत बसू नये, आधी वाढावं.

नाईकाला मुलगा एकच होता.