खाली ठेवलेला ट्रे

एका गल्लीत एक कॅफे होता. छोटासाच. चार टेबलं, खिडकीत तुळशीची कुंडी, आणि काउंटरवर फुस्स करून वाफ सोडणारं एक मशीन. फ्लोराबाई तो चालवायची. नाश्त्याची वेळ टळलेली आणि जेवणाची झालेली नाही, अशा मधल्या वेळेला तिथं ब्रंच मिळायचा. आमलेट, भाजलेला पाव, लोणी आणि कॉफी. कपातल्या फेसावर फ्लोराबाई दुधाच्या धारेनं एक पान काढायची. अगदी शिरांसकट.

गल्लीतली मोठी माणसं या कॅफेला नावं ठेवायची. म्हणायची, "घरी चहा मिळत नाही का?" मिळायचा ना. त्यांना मिळायचाच. घरातली कुणीतरी बाई उठून करायची, म्हणून मिळायचा.

त्याच गल्लीत वामनराव राहायचे. धाकटा भाऊ वारला, तेव्हापासून त्याची बायको मंदा आणि मुलगी रेवती यांनी काय करायचं ते वामनराव ठरवायचे. त्यांना कुणी नेमलं नव्हतं. वयानं मोठे होते, एवढंच. आपल्याकडं तेवढं पुरतं.

रेवतीला एक स्थळ सांगून आलं. मुलाचं नाव सौमित्र. त्याला त्याच्या आत्यानं, कुमुदताईंनी, लहानाचं मोठं केलेलं. मुलगा म्हणाला, घरी नको, कॅफेत भेटू. वामनराव लगेच कबूल झाले. कालपर्यंत ज्या कॅफेला शिव्या दिल्या, तो एकदम चांगला झाला. मुलाकडच्यांनी विहिरीच्या काठावर बोलावलं असतं, तरी ते गेले असते.

रविवारी सगळे कॅफेत जमले. मंदा रोज भाजीची पिशवी घेऊन त्या दारावरून जायची, पण आत पाऊल टाकलं ते त्या दिवशीच. ती खुर्चीच्या टोकावर बसली. कधीही उठावं लागेल, अशी. शेजारच्या टेबलावर फ्लोराबाईनं एक कप ठेवला. मंदानं मान लांब करून पाहिलं.

"अगं बाई, दुधावर पान!" ती रेवतीच्या कानात म्हणाली. "हे प्यायचं कसं गं? मोडेल की."

"मंदा, तोंड मीट," वामनराव म्हणाले. "गावंढळ दिसतेस."

कुणाला काय हवं ते न विचारता त्यांनी सगळ्यांसाठी आमलेट-पाव आणि कॉफी सांगितली. मग त्यांना एक गोष्ट आठवली. बघण्याचा कार्यक्रम आहे आणि मुलगी नुसती बसलीय! मुलाकडच्यांनी काही मागितलं नव्हतं. हे त्यांचं स्वतःचं डोकं.

"रेवती, ऊठ. ट्रे तू घेऊन ये."

फ्लोराबाईला वाटलं, काका गंमत करतायत. "अहो, मी आणते ना. माझं कामच आहे ते."

"तुम्ही आणाल हो. पण बघायचंय हिला, तुम्हाला नाही."

"बरं सुचलं तुम्हाला!" कुमुदताई खूश झाल्या. "त्या निमित्तानं चालही दिसेल."

रेवतीनं सौमित्रकडं पाहिलं. त्यानं एवढंच म्हणायचं होतं, राहू दे. त्यानं मेनूकार्ड उलटं केलं. मागची बाजू कोरी होती. तो ती वाचत बसला.

रेवती उठली. काकांना ती भीत नव्हती. पण आपण नाही म्हटलं, तर घरी गेल्यावर आईला ऐकून घ्यावं लागेल. आज, उद्या, प्रत्येक सणाला. हे तिला माहीत होतं. ती काउंटरपाशी गेली. फ्लोराबाईनं पाच कप भरले, पाच पानं काढली आणि जड मनानं ट्रे पुढं केला. रेवतीनं तो उचलला. कप एकमेकांवर किणकिणले.

तो आवाज मंदानं ऐकला.

आणि ती उभी राहिली.

"रेवती, ठेव तो खाली."

"मंदा, बस," वामनराव म्हणाले.

ती बसली नाही. आवाजही चढवला नाही. "भाऊजी, मला बघायला तुम्हीच आला होतात. मी पोह्यांचा ट्रे घेऊन आले. तुम्ही म्हणालात, हात थरथरत नाही, मुलगी चांगली आहे. तो ट्रे मी अजून खाली ठेवलेला नाही."

कॅफेत सुरी-काट्याचा आवाज थांबला. फ्लोराबाईनं मशीन बंद केलं. ज्या बाईचा आवाज गल्लीत कुणी कधी ऐकला नव्हता, ती चालत काउंटरपाशी गेली. लेकीच्या हातातला ट्रे तिनं काउंटरवर ठेवला. त्यातले दोन कप उचलले आणि खिडकीजवळच्या टेबलाकडं निघाली. लोकांनी पाय आत घेऊन तिला वाट दिली. देवळात देतात तशी.

"घरी ये, मग बघतो तुला," वामनराव म्हणाले.

"येईनच. घर माझंपण आहे."

मायलेकी समोरासमोर बसल्या. मंदानं कप ओठाला लावला आणि डोळे मोठे केले.

"गरम आहे गं!"

ज्या बाईनं आयुष्यभर सगळ्यांचे कप भरून मग निवलेलं घोटभर प्यायलं, तिला ही गोष्ट नवी होती.

इकडं वामनरावांनी हाक मारली, "अहो बाई, आमची कॉफी?"

"काउंटरवर आहे, काका," फ्लोराबाई म्हणाली. "ट्रेसुद्धा तिथंच आहे."

वामनरावांनी कुमुदताईंकडं पाहिलं. कुमुदताईंनी पदर सारखा केला. सौमित्र कोऱ्या कार्डावरून नजर काढीना. शेवटी वामनराव उठले. उभ्या जन्मात त्यांनी ट्रे धरला नव्हता. एक हात वर, एक खाली, कोपर बाहेर. कॉफी बशीत, बशीतली ट्रेमध्ये, ट्रेमधली धोतरावर. सगळ्या कॅफेनं त्यांची चाल पाहिली.

मग सौमित्रला कंठ फुटला. तो खिडकीपाशी आला. "मी इथं बसू का?"

रेवतीनं विचारलं, "वाचून झाली का मागची बाजू?"

तो परत गेला.

मंदाचं तिकडं लक्षच नव्हतं. ती कपात बघत होती. कॉफी अर्ध्याखाली गेली होती, आणि पान तसंच्या तसं होतं, शिरांसकट. कॉफीबरोबर तेही हळूहळू खाली उतरत होतं.

"फ्लोराताई, हे बघा! मी पितेय, तरी मोडत नाहीये."

फ्लोराबाईनं ते पान रोज काढलं होतं. पण कप तळाला जाईपर्यंत कुणी इतका वेळ त्याच्याकडं पाहिलेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं. ती खुर्ची ओढून शेजारी बसली. तिघी जणी कपात वाकून बघत राहिल्या. मंदा घोट घेत होती, आणि पान तळाशी टेकेपर्यंत पानच होतं.

तात्पर्य: ज्यांनी कधी ट्रे उचलला नाही, ते तुमच्या हातातला उतरवून घेतील याची वाट पाहू नका, मग ते वयानं कितीही मोठे असोत. तो आपणच खाली ठेवावा, आणि आपला कप गरम असतानाच प्यावा.