एकट्या माणसाचा नियम

हेमलता पाटणकरांनी सरकारी दवाखान्यात एकतीस वर्षं नर्स म्हणून काढली. निवृत्त झाल्यावर त्यांना नाशकात रविवार कारंज्याजवळ छोटासा फ्लॅट घ्यायचा होता. खाली बाजार, दिवसभर माणसांचा आवाज, तेवढीच सोबत. पण बाई एकटी म्हणून सहा सोसायट्यांनी त्यांना नकार दिला होता. आता ही सातवी. इथेही नाही म्हणाले, तर भाचीच्या घरी एका कोपऱ्यात पडून राहायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

सोसायटीचे अध्यक्ष गायधनी यांनी त्यांना घरी बोलावलं आणि अर्ज न वाचताच बाजूला सारला.

"एकट्या माणसाला आम्ही इथे राहू देत नाही. उद्या काही झालं तर धावणार कोण? नियम सगळ्यांना सारखा."

वाद घालायचं त्राण बाईंमध्ये उरलं नव्हतं. त्या उठल्या. जाता जाता त्यांना ओट्यावर पालथं घातलेलं एकच ताट दिसलं, शेजारी एकच पेला.

"साहेब, घरात अजून कोण असतं?"

"कोणी नाही. बायको गेली, मुलगा कॅनडात."

"मग तुम्ही घर कधी सोडताय?"

गायधनींची नजर त्या ताटाकडे गेली. ते म्हणाले, "मुलगा बोलवत नाही हो. जाऊ कुठे?"

"माझाही तोच प्रश्न आहे," बाई म्हणाल्या.

गायधनींनी अर्ज पुढे ओढला आणि सही केली. बाईंना घर मिळालं, पण जिना उतरताना त्यांना आनंद काही झाला नाही.