निखाऱ्यातले करांदे

ही गोष्ट त्या काळची, जेव्हा घाट उतरायला फक्त पायवाटा होत्या. अशाच एका वाटेवर एक बैरागी आणि एक बौद्ध भिक्षू भेटले आणि सोबतीने चालू लागले. पंथ वेगळे, वस्त्रं वेगळी. पण एक व्रत दोघांचं सारखं होतं. जीव मारून शिजवलेलं अन्न दोघेही खात नसत.

बैराग्याला या व्रताचा भारी अभिमान. माशांची जाळी वाळत घातलेली दिसली, तरी तो नाक मुरडून दुसरी वाट धरायचा. अशीच एकदा वाट सोडली आणि दोघे रानात चुकले. आदल्या दिवसापासून पोटात अन्नाचा कण नव्हता. सकाळची उन्हं वर आली, तेव्हा कुठे एक झोपडी दिसली.

तिथे एक म्हातारी एकटीच राहायची. दारात साधू बघून ती हरखली. "बसा बाबांनो, टेका जरा," म्हणत परसात धावली आणि तिच्याजवळ होती ती एकुलती एक कोंबडी धरून आली. दुसऱ्या हातात कोयता. आल्यागेल्याला उपाशी धाडायचं नाही, एवढंच तिला ठाऊक.

बैरागी ताडकन उठला. "टाक तो कोयता! आमच्या तोंडात हत्या घालतेस, पापिणी? तुझ्या दारचं पाणीसुद्धा नको!"

म्हातारीच्या हातून कोंबडी निसटली आणि कुडाखालून पळाली.

भिक्षू हलकेच म्हणाला, "माय, होतं नव्हतं ते तू आमच्यासाठी काढलंस. पण आमच्यापायी कुणाचा जीव जाऊ नये, असं आमचं व्रत आहे. तू स्वतः आज काय खाणार होतीस?"

"करांदे उकडलेत, रानातले कंद. कडू लागतात, बाबा."

"तेच वाढ."

भिक्षू जेवला, वर आणखी मागून जेवला. बैरागी मात्र अंगणात पाठ फिरवून बसला. करांदे उकडलेल्या मडक्याला माशाचा वास येतो, म्हणून त्याने ते नाकारले होते. आपण व्रत राखलं, असं तो मनाला बजावत होता. पण मन काही प्रसन्न होईना.

थोड्या वेळाने म्हातारी आली. पळसाच्या पानावर राखेने माखलेले करांदे होते.

"याला मडकं लागलेलं नाही," ती म्हणाली. "माझं मडकं तुम्हाला चालायचं नाही, म्हणून निखाऱ्यात भाजले. हातसुद्धा धुतलेत घासून."

बैराग्याला मान वर करवेना. "मी एवढं बोललो, तरी?"

"कोंबडीसाठी तुमचा जीव तुटला, ते बरंच झालं. पण मीपण जीवच की, बाबा. मला लागलं."

बैराग्याने हात जोडले. "चुकलो, माय." मग एकदम त्याच्या ध्यानात आलं. "तू जेवलीस?"

"पाहुण्याआधी कसं जेवायचं?"

तो पान घेऊन उठला आणि आत जाऊन चुलीपाशी बसला. पहिला करांदा सोलून त्याने म्हातारीच्या हातावर ठेवला. तिने घास घेतला, मग त्याने घेतला.

व्रत त्याने मरेपर्यंत पाळलं. मात्र कुणाच्या घरी मासळी शिजत असली, तर हसून म्हणायचा, "मला मीठ-भाकर पुरे, आई. तुम्ही सावकाश जेवा."

तात्पर्य: ताटातली हिंसा सोडली, तशी जिभेवरचीही सोडावी, तेव्हाच व्रत पुरं होतं.