झरोक्यातला पेंढा

फार मागची गोष्ट. गोदूबाईच्या परसात कोंबड्यांचं खुराडं होतं आणि त्याच्या भिंतीत एक झरोका होता. पावसाची झड लागली, झरोक्यातून गार वारा येऊ लागला आणि तांबड्या कोंबडीची पाच पिल्लं कुडकुडू लागली.

"गोदूबाईला आमची काय पडलीय," असं पुटपुटत तांबडीनं खालचा पेंढा चोचीनं उचलून झरोक्यात गच्च कोंबला.

म्हातारी ठिपकी कोंबडी म्हणाली, "अगं, काढ तो. आपल्याच श्वासाची ओल आत कोंडून राहील."

"मावशी, तुला पिल्लं नाहीत. तुला काय कळायचं?"



दोन दिवस खुराडं उबदार राहिलं. तिसऱ्या दिवशी आत कुबट वास सुटला आणि पिल्लांच्या छातीत घरघर सुरू झाली. गोदूबाईनं झरोका मोकळा केला, खाली कोरडी राख पसरली; पण तोवर चार पिल्लं गेली होती.

पुढच्या झडीत तांबडी झरोक्याला पाठ लावून बसली. बाजूनं वारा आत येत होता, शिंतोडे तिच्या पाठीवर पडत होते आणि उरलेलं एक पिल्लू तिच्या पंखाखाली कोरडं होतं.

"मावशी," ती ठिपकीला म्हणाली, "एवढं तर मला तेव्हाही जमलं असतं."