भिवराबाईचा रवंथ आणि भुयारगाडीचा वेग

एका जंगलात एक तरस राजा होता. तो मतांनी निवडून आला होता आणि निवडून आल्यापासून हसत होता. तरसाचं तोंडच तसं असतं, असं प्रजा एकमेकांना समजवायची.

त्या जंगलात घड्याळ नव्हतं. वेळ मोजायला भिवराबाई म्हैस होती. पोटातला घास वर आणून, चावून, परत गिळेपर्यंत जेवढा काळ जाई तो एक रवंथ. रवंथ सगळ्याच म्हशी करत, पण सरकारी फक्त भिवराबाईचा. तिच्या जबड्याखाली एक घुंगरू बांधलेलं होतं. ते वाजत असलं की काळ चालू. भिवराबाई झोपली की राज्याचा काळही झोपे, आणि त्याबद्दल कधी कुणाची तक्रार नव्हती. कैद्याची शिक्षा, मंत्र्याची रजा, राजाची दहा लाख रवंथांची मुदत, सगळं त्या एका जबड्यावर चाले. भिवराबाईने आतापर्यंत तीन राजे चावून संपवले होते.

तिला काळजी होती ती वेगळीच. तिची लेक चंद्री पाणथळला दिली होती आणि गाभण होती. चंद्रीचं पहिलं रेडकू अडलं होतं. भिवराबाई चालत चालत पोहोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. रेडकाविना रिकामा तो गोठा तिच्या डोळ्यांसमोरून अजून हलत नव्हता. या खेपेला मी वेळेवर येईन, असं तिने लेकीला सांगून ठेवलं होतं; पण तिचे गुडघे आता साथ देत नव्हते.

म्हणून राजाने भुयारगाडीची घोषणा केली तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद भिवराबाईला झाला. घुशींनी राजगुहेपासून राजतळ्यापर्यंत जमिनीखालून भुयार खणलं. बावीस स्थानकं ठरली. त्यातलं अकरावं पाणथळ.

"एका रवंथात आठ हाका!" राजा सभेत म्हणाला. हाक म्हणजे टिटवीचं ओरडणं ऐकू जाईल इतकं अंतर. "मागच्या राजांनी तुम्हाला पायी चालवलं. मी तुम्हाला पळवीन."

गाडी सुरू झाली. वेग मोजायला भिवराबाईला शेवटच्या डब्यात बसवलं. तिने राजगुहेपासून राजतळ्यापर्यंत इमानदारीने रवंथ केला आणि हिशेब निघाला : एका रवंथात तीन हाका.

राजा हसतच होता, पण दात जास्त दिसले. त्याने विकासमंत्री वटवाघळाला बोलावलं. वटवाघूळ दरबारात छताला उलटा लटकत असे, त्यामुळे घसरणारा प्रत्येक आकडा त्याला चढताना दिसे. या एका गुणावर तो चार राजांकडे मंत्री राहिला होता.

"गाडीत दोष नाही महाराज," वटवाघूळ म्हणाला. "धावते तेव्हा आठनेच धावते. पण मग स्थानक येतं. कासव चढतं, गोगलगाय उतरते. तेवढ्यात ही बाई आपली चावतच असते."

"मग काय करायचं?"

"गाडी उभी असताना चावायचं नाही."

फर्मान निघालं. स्थानक आलं की भिवराबाईने तोंडातला घास गालात धरून बसायचं. बावीस स्थानकांवर घास धरून तिचा गाल सुजला, पण वेग पाचावर गेला. जंगलभर फलक लागले.

मग चालक रखमाजी साळिंदर आणि भिवराबाई यांच्यात रोज वाद होऊ लागला. तो म्हणायचा गाडी थांबली, ती म्हणायची अजून सरकतेय. वाद दरबारात गेला. वटवाघळाने एका ओळीत निकाल दिला : घुंगरू बंद म्हणजे गाडी थांबलेली, आणि थांबलेली गाडी जो पळवील तो राजद्रोही. रखमाजीने ते कलम पाठ केलं. तो घाबरट होता, म्हणूनच त्याला चालक नेमलं होतं.

तरी आठ काही होईनात. स्थानक आलं की गाडी आधी मंदावते आणि सुटली की हळूहळू वेग धरते, हे घुशींनी भीतभीत सांगितलं.

"म्हणजे खरा अडथळा स्थानकं आहेत," वटवाघूळ म्हणाला.

आधी ससेवाडी गेली. मग घोरपडवस्ती, मग वारुळमाथा. ज्या दिवशी पाणथळ गेलं त्या दिवशी भिवराबाई स्वतः दरबारात उभी राहिली.

"महाराज, माझी लेक तिथं हाय. तिचे दिवस भरत आलेत. एवढं एक ठिकाण ठेवा."

"बाई," राजा मायेने म्हणाला, "पूर्वी तुम्ही फक्त घरापर्यंत पोहोचायचात. आता घराच्या कितीतरी पुढे पोहोचाल. याला प्रगती म्हणतात."

दरबाराने टाळ्या वाजवल्या. भिवराबाईला रडू आलं, पण रडताना जबडा हलतो आणि काळ उगाच पुढे जातो म्हणून शिपायाने तिला बाहेर नेलं.

शेवटी दोनच स्थानकं उरली, राजगुहा आणि राजतळं. वेग साडेसात झाला. प्रवासी राजतळ्याला उतरून उलटे घरी चालत येऊ लागले, आणि त्यांचे पाय सुजले की विकास अंगी लागला असं वटवाघूळ सांगू लागला.

निवडणूक तोंडावर आली. मुदतीचे अगदी थोडे रवंथ उरले असताना राजाने ठरवलं की वटवाघळाला घेऊन स्वतः गाडीत बसायचं आणि राजतळ्याला उतरून आठचा आकडा जाहीर करायचा. गाडी सुटणार तोच एक बगळा धापा टाकत आला आणि भिवराबाईच्या पाठीवर बसला.

"मावशी, चंद्रीला कळा सुरू झाल्यात. तुझंच नाव घेतेय."

गाडी सुटली. भिवराबाई चावत होती आणि बाहेरच्या काळोखात जुन्या स्थानकांच्या खुणा मोजत होती. नववी गेली. दहावी गेली. अकरावी दिसताच तिने जबडा मिटला.

घुंगरू बंद पडलं. रखमाजीच्या अंगावरचा काटा न् काटा उभा राहिला. थांबलेली गाडी आपण पळवतोय, हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याने सगळा जीव लावून ब्रेक दाबला. राजा डब्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला आला.

"गाडी का थांबवली?"

"मी नाही थांबवली महाराज," रखमाजी ब्रेक न सोडता म्हणाला. "ती कायद्याने आधीच थांबलेली होती."

भिवराबाई तोवर खाली उतरली होती.

"कुठे चाललात?" वटवाघूळ ओरडला. "रवंथ कोण करणार?"

"गाडी उभी असताना रवंथ करायचा नसतो, तुम्हीच लिवलंय," भिवराबाई म्हणाली. तिने भुयाराच्या भिंतीला मान घासून घुंगरू तोडलं, तिथेच टाकलं आणि जुन्या स्थानकातून वर येऊन दुखऱ्या गुडघ्यांनी पाणथळच्या वाटेला लागली. ती वेळेवर पोहोचली. रेडकू पायाळू होतं. तिने धीर देऊन, चाटून, ढोसून ते सुखरूप बाहेर आणलं.

इकडे राजाने तिला पकडून आणायला शिपाई सोडले. तेवढ्यात वटवाघूळ त्याच्या कानाशी लटकला.

"महाराज, मुदतीचे किती रवंथ उरलेत?"

"चौदा."

"आणि ती चावत नाहीये."

राजाला समजायला थोडा काळ लागला, पण तो कुठेच मोजला गेला नाही. मग तो हसला, आणि या वेळी ते नुसतं तोंड नव्हतं. शिपाई माघारी बोलावले. भिवराबाईला दीर्घ सेवेबद्दल शाल पाठवली. गाडीने वाटेतला सगळा वेळ वाचवला, म्हणून जगातली सर्वांत वेगवान गाडी असा फलक तिच्यावर लागला. गाडी अजून पाणथळलाच उभी आहे. घुंगरू वाजल्याशिवाय ती हलवायची रखमाजीची छाती नाही.

भिवराबाईला हे कळलं तेव्हा तिला फार वाईट वाटलं. आपण लेक वाचवली आणि जंगल अडकवलं, हे तिच्या मनाला लागून राहिलं. रेडकू आपल्या पायांवर धावू लागल्यावर ती राजगुहेपर्यंत चालत गेली आणि म्हणाली, चौदाच तर आहेत, इथे बसून चावते.

दारावरच्या कारकुनाने तिला नम्रपणे सांगितलं की आता ती खाजगी म्हैस आहे, तिचा रवंथ धरता येणार नाही. पद रिकामं आहे, हवं तर तिने रीतसर अर्ज करावा. तिने अर्ज केला. कारकुनाने त्यावर शिक्का मारून पोच दिली. पोचपावतीवर लिहिलं होतं : "आपल्या अर्जावर चौदा रवंथांच्या आत निर्णय कळवण्यात येईल."